अर्ध्या जिन्यातला व्यवहार

सातवं प्रकरण परत आलं ते एका शेऱ्यासह. "मॅडम, शब्द सगळे कळले, एकत्र आले की कळत नाहीत." खाली साहेबांची सही, आणि सहीच्या खाली, माणूस जाता जाता दार आपटून जातो तशी आणखी एक ओळ: "बाहेरचा वाचक शोधा."

वहिनींनी शेरा वाचला, त्यातला चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम पेन्सिलीने दुरुस्त केला, आणि मग त्यांना रडू आलं. क्रम हाच होता. आधी दुरुस्ती, मग रडू.

इमारतीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, ऑफिसात मॅडम. काम दोन्हीकडे एकच: लोकांना न कळणाऱ्या गोष्टी समजावून सांगणं. ऑफिसात त्याचा पगार मिळे, इमारतीत मिळत नसे, एवढाच फरक. कंपनी लहानशी होती. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी ती एक प्रोग्राम बनवत असे आणि त्या प्रोग्रामचं माहितीपुस्तक वहिनी लिहीत. पहिली प्रकरणं सोपी होती. प्रोग्राम चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, चालूही होत नसेल आणि बंदही होत नसेल तर काय करायचं. सातवं प्रकरण मात्र पुस्तकाचा प्राण होतं. त्याचं नाव, "व्यवहार आणि अंतर्भूत डेटाबेस".

आता यात न कळण्यासारखं काय आहे, असं वहिनींना मनापासून वाटे. व्यवहार म्हणजे कामांचा असा जुडगा, जो एकतर पूर्ण पार पडतो, नाहीतर मुळीच घडलेला नसतो. अधलं-मधलं काही नाही. नळीतल्या रक्ताला क्रमांक द्यायचा, क्रमांकाला रुग्णाचं नाव जोडायचं, नावापुढे निकाल लिहायचा. मध्येच वीज गेली आणि यातलं निम्मंच लिहिलं गेलं, तर एका गृहस्थांची साखर दुसऱ्याच बाईंच्या रक्तात सापडते. गृहस्थ गोड खायला मोकळे आणि बाई बिचाऱ्या कारल्याच्या रसावर. म्हणून प्रोग्राम काय करतो, तर काहीही बदलण्याआधी ते कसं होतं हे टिपून ठेवतो. घोटाळा झाला की सगळं पुसून मूळ जागी परत. आणि अंतर्भूत डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा प्रोग्रामच्या पोटातच असतो, त्यासाठी वेगळं यंत्र मांडावं लागत नाही. संपलं. वहिनींच्या मते हे इतकं सुंदर होतं की त्यावर अकरा पानं लिहूनही त्यांचं मन भरलं नव्हतं.

प्रोग्राम घ्यायला निघालेल्या एका प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंचं मात्र पहिल्याच पानाला भरलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, "हे कळलं नाही तर मी प्रोग्राम घेणार नाही. माझ्या हाताखालच्यांना तर मुळीच कळणार नाही." साहेबांनी वहिनींना बोलावलं. साहेब तसे मवाळ, पण मवाळ माणसाने घेतलेला निर्णय दगडावरची रेघ असतो.

"मॅडम, शुक्रवारी मी तुमच्या बाहेरच्या वाचकाला फोन करीन. डॉक्टरीणबाई पण ऐकतील. त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, व्यवहार म्हणजे काय. सांगता आलं तर प्रकरण पास."

"आणि नाही आलं तर?"

"तर लिखाण थांबवू. हल्ली वाचतं कोण? मदतीच्या फोनवर जागा रिकामी आहे, तिथे बसा. बोलून बोलून समजवा."

इथे वाचकांना एक सांगायला हवं. नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करायचा झाला तरी वहिनी आधी कागदावर वाक्यं लिहून काढत. "नमस्कार. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो." मग पलीकडून "कोण बोलतंय?" असा कागदावर नसलेला प्रश्न आला की त्या फोन नवऱ्याच्या हातात देत. नवरा सांगे, "नळ गळतोय," आणि नळ दुरुस्त होई. अशा बाईला दिवसभर मदतीच्या फोनवर बसवणं म्हणजे माशाला झाडावर चढायची बढती देण्यासारखं होतं.

"बाहेरचा वाचक" ही कंपनीची शिस्त होती. कॉम्प्युटरशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा माणूस, आणि एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही, कारण तो शहाणा झालेला असतो. नवरा दुसऱ्या प्रकरणात खर्ची पडला होता. सासूबाई चौथ्यात. आता सातव्याचं नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, "व्यवहार? आणि तो तू समजावणार?" नवरा म्हणाला, "चित्र टाक एखादं. चित्र असलं की लोक वाचल्यासारखं करतात."

उरले तळमजल्यावरचे, जन्मभर सरकारी बांधकामांवर देखरेख केलेले ओव्हरसियरकाका.

काका निवृत्त होते. म्हणजे नोकरीतून, कामातून नव्हे. इमारतीत कुणी खिळा ठोकला तरी पहिल्या ठोक्याला काका दारात हजर. "भिंतीत ठोकताय की शेजाऱ्याच्या डोक्यात?" असा त्यांचा नमस्कार असे. वहिनींनी अकरा पानं त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती आधी हातावर तोलली.

"वजन ठीक आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पानं लाल पेन्सिलीने रंगून परत आली. "इथे 'सदर' शब्द हवा. इथे परिच्छेदाला क्रमांक नाही. आणि हे 'पोटात' वगैरे काय? सरकारी कागदात पोट येत नाही."

"काका, पण कळलं का?"

"कळायचं काय त्यात? हे तपासलंय मी, वाचलं कुठे?"

मग वहिनींनी तोंडी सांगायला घेतलं. जगातल्या प्रत्येक पुस्तकात असतं तेच उदाहरण त्यांनी आधी दिलं: बँकेत एका खात्यातून पैसे निघाले, दुसऱ्यात पोचायच्या आत वीज गेली, तर? काका ताडकन उठले, चपला घातल्या आणि थेट बँकेत गेले. परत आले ते मॅनेजरशी भांडूनच. "त्याला विचारलं, मध्येच वीज गेली तर? तो म्हणतो, जनरेटर आहे. म्हटलं, जनरेटर बंद पडला तर? तो म्हणतो, आजोबा, घरी जा. वहिनी, तुम्ही म्हणता ते खरंय. मोठा धोका आहे."

"अहो काका, धोका नाही! तो होऊ नये म्हणूनच तर व्यवहार असतो!"

पण वहिनींचा आवाज मुळातच इतका बारीक की समोरच्याला वाटे, बाई मनाशी बोलताहेत. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत इमारतीतली निम्मी माणसं आपापल्या बँकेला जनरेटरबद्दल विचारून आली होती.

वहिनी रडकुंडीला आल्या आणि निराश माणूस करतो तेच त्यांनी केलं. डोळ्यांसमोर जे दिसलं त्याचं उदाहरण दिलं. काकांच्या खोलीत समोर एक भलंथोरलं लाकडी कपाट होतं. वहिनींच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, तसाच भलाथोरला सोफा. काकांच्या कंबरेला सोफा हवा होता, वहिनींच्या कागदांना कपाट. बदल करू, करू, असं दोन्ही घरांत केव्हापासून चाललं होतं.

"असं समजा काका, आपण अदलाबदल केली. सोफा खाली आला आणि कपाट वर गेलं, तर व्यवहार पूर्ण. सोफा आला, पण कपाट गेलं नाही, तर तुमच्याकडे दोन्ही आणि आमच्याकडे भिंत. ते चालायचं नाही. मग सोफा पुन्हा वर, सगळं होतं तसं."

काकांचे डोळे लकाकले. वहिनींना वाटलं, कळलं! अकरा पानांत जे झालं नाही ते चार वाक्यांत झालं!

"मग करूनच बघू," काका म्हणाले.

"काय?"

"अदलाबदल. शुक्रवारी सकाळी. जागेवर पाहणी केल्याशिवाय मी आयुष्यात दाखल्यावर सही केलेली नाही, वहिनी. नुसतं समजा-समजा म्हणून पूल उभा राहत नाही."

वहिनींनी नको म्हणून पाहिलं. पण परीक्षेचा विद्यार्थीच हट्टाला पेटला तर मास्तरीण काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

जिन्यातून सामान न्यायचं तर पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींची परवानगी लागे. सेक्रेटरी हे दार अर्धंच उघडून बोलणारे गृहस्थ. नियम स्पष्ट होता: सामान वर न्यायचं ते सकाळी, खाली आणायचं ते दुपारी.

"पण आम्हाला दोन्ही एकदम करायचंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तोच मुद्दा आहे. निम्मं सकाळी झालं आणि दुपारी काही अडलं तर…"

"नियमात चढवणे आहे, उतरवणे आहे. अदलाबदल नाही."

"मग कपाट सकाळी चढवू, सोफा दुपारी उतरवू," नवरा मध्येच बोलला. एवढ्याने प्रश्न सुटला असता. पण काका म्हणाले, "मग तो व्यवहार झाला का? वहिनी, तुम्हीच सांगा." आणि वहिनींना, सत्य बोलायची खोड असल्यामुळे, सांगावं लागलं की नाही, काटेकोर बोलायचं तर तो व्यवहार झाला नाही.

शेवटी सेक्रेटरींनीच तोडगा काढला. जिना दोघांत वाटून टाकला. तळापासून पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना शुक्रवारी सकाळी काकांच्या ताब्यात, तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंतचा वहिनींच्या. ज्याच्या ताब्यात जो जिना, त्याच्या परवानगीशिवाय तिथे दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही.

सातव्या प्रकरणाच्या नवव्या पानावर नेमकं हेच होतं: दोघांनी एकेक वाट धरून ठेवायची आणि दुसरा आपली सोडील म्हणून जन्मभर वाट बघायची. तिथे वहिनींनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "ही स्थिती टाळावी."

"अहो, यात दोघंही अडकतील," त्या म्हणाल्या.

"आमच्या इमारतीत असं होत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि उरलेलं अर्धं दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी खाली काका, सुतार आणि दोन हमाल. वर नवरा आणि आणखी दोन हमाल. आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून वहिनी. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, "बघू तरी तुझं ते प्रकरण," म्हणत.

काकांनी शिटी वाजवली. ही शिटी त्यांना नोकरीत मिळाली होती आणि निवृत्त होताना ती परत करायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिटी होताच कपाट निघालं आणि पहिल्याच वळणावर अडलं. सुताराने त्याची दारं काढली. तरी वळेना. फळ्या काढल्या. वरची नक्षीची पट्टी काढली. मग त्याने जिन्याच्या कठड्याकडे बघितलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत कठड्याचा एक तुकडाही काढला.

"काय कुठलं ते लिहून ठेवा हो!" वहिनी वरून म्हणाल्या. "बदलायच्या आधी टिपून ठेवायचं असतं!" त्यांचं वाक्य दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि तिथेच विरलं.

दारं, फळ्या, पट्टी आणि कठडा असा सगळा संसार सुताराने मागच्या पायऱ्यांवर रचला. त्यामुळे मागची वाट बंद झाली, पण तेव्हा सगळे पुढेच बघत होते. कपाट वळलं, हुश्श करत पहिल्या मजल्यावर टेकलं, आणि तिथल्या चौकात फिट्ट बसलं. सेक्रेटरींचं दार बाहेर उघडणारं. ते आता चार बोटं उघडत होतं.

"हे काय आहे?" फटीतून एक डोळा म्हणाला.

"कपाट," काका म्हणाले. "आता सोफा खाली येऊ द्या!"

"आधी कपाट वर येऊ द्या!" वरून नवरा ओरडला. त्याने आणि हमालांनी सोफ्याचे पाय काढून, सोफा उभा करून, आडवा करून, तिरका करून, दुसऱ्या मजल्याचं वळण कसंबसं पार केलं होतं. आता तो कपाटाच्या डोक्यावर येऊन भिंत आणि कठडा यांत पाचरीसारखा बसला होता.

"तुम्ही मागे घ्या!"

"मागे कसं घेणार? कसा वळवला ते आठवत नाही!"

"आमच्या मागे तर दारं आहेत!"

"मला ऑफिसला जायचंय," डोळा म्हणाला.

काका दोन्हीकडची पाहणी करायला म्हणून कपाटावर चढले आणि सोफा आणखी वीतभर खाली घसरला. आता काकांच्या पायाखाली कपाट होतं, डोक्यावर सोफा, आणि मधल्या फटीत काका, दप्तरात कोंबलेल्या डब्यासारखे. आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला.

साहेबांचा होता. काकांना फोन कानाला लावता येईना, म्हणून त्यांनी तो आवाज मोठा करून छातीवर ठेवला, आणि साहेबांचं "नमस्कार, आपण बाहेरचे वाचक ना? डॉक्टरीणबाईही ऐकताहेत" हे सगळ्या जिन्याने ऐकलं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे मदतीचा फोन नाचू लागला. तेवढ्यात काकांना मोकळं करावं म्हणून नवऱ्याने वरून सोफा ओढला आणि त्याच क्षणी सुताराने खालून कपाट ढकललं. "अगं आई गं," काका म्हणाले.

आणि मग वहिनी ओरडल्या.

हा आवाज त्यांचा आहे हे आधी त्यांनाही कळलं नाही. "थांबा! कुणीही काहीही हलवायचं नाही! सुतार, हात काढा! तुम्ही, सोफा सोडू नका, नुसता धरून ठेवा! आता एका वेळी एकच जण हलेल, आणि तो मी सांगेन तो! बाकीच्यांनी वाट बघायची!"

सुताराने हात काढले. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या.

"हॅलो?" फोन म्हणाला. "तर व्यवहार म्हणजे काय, सांगता का?"

"सांगतो की," काका सोफ्याखालून म्हणाले. "आत्ता माझं जे झालंय ना, तो व्यवहार नव्हे. व्यवहार असता तर एकतर सोफा माझ्या घरात असता आणि मी त्यावर लवंडलो असतो, नाहीतर सगळं होतं तिथेच असतं. मध्ये लटकायचं नाही. आणि परत फिरायचं तर आधी काय कसं होतं ते टिपून ठेवायला हवं. आम्ही नाही ठेवलं. आता हा स्क्रू कपाटाचा की कठड्याचा, ते सुतारालाही माहीत नाही."

"वा," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "आणि तो अंतर्भूत डेटाबेस?"

"आमचे हे सेक्रेटरी आहेत ना, त्याच्या बरोबर उलट. आमची सगळी परवानगी यांच्याकडे, वेगळ्या दारामागे. यांचं दार अडलं, इमारत अडली. आमच्या हिचं तसं नाही. चावी कुठे, चष्मा कुठे, ते सगळं घरातल्या घरात हिच्या डोक्यात. वेगळं ऑफिस नाही, वेगळं दार नाही. फक्त एका वेळी एकानेच बोलायचं, नाहीतर चिडते."

वहिनींनी डोळे मिटले. अचूक होतं. शब्द न् शब्द अचूक. कठड्याचं लाकूड त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की हाताला वळ उठले. पास! लिखाण वाचलं!

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "हे सगळं तुम्हाला ते अकरा पानांचं प्रकरण वाचून कळलं?"

"प्रकरण?" काका म्हणाले. काका सरळ माणूस. दाखल्यावर खोटी सही त्यांनी कधी केली नव्हती. "छे हो! वाचून काही कळत नाही त्यातलं. वहिनींनी तोंडाने सांगितलं तेव्हा कळलं."

"मघाशी ओरडल्या त्या मॅडमच का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "किती स्पष्ट बोलतात! माझ्याकडे वीज गेली की सगळे असेच एकदम हात घालतात. मला पुस्तक नको. मला फोनवर त्या बाई द्या, मी आज सही करते."

वहिनींनी वरून काहीतरी म्हटलं. पण घशातला सगळा आवाज मघाशीच संपला होता. त्यांचं "नको" दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि विरलं.

दुपारपर्यंत सोफा सुटला. म्हणजे सुताराने तो मधोमध कापला. सेक्रेटरी फटीतून सारखे घड्याळ दाखवत होते, दुसरा इलाज नव्हता. अर्धा सोफा काकांकडे गेला. ते त्यावर कंबर टेकतात आणि पाय स्टुलावर ठेवतात. अर्धा वर परत आला. कपाट एका दाराशिवाय तिसऱ्या मजल्यावर पोचलं, कारण दारांपैकी एक कठडा म्हणून जिन्याला लागलं होतं आणि ते काढायला सेक्रेटरींची नवी परवानगी हवी होती. जे कधीही निम्मं होऊ नये म्हणून वहिनींनी अकरा पानं लिहिली, ते त्यांच्या डोळ्यांदेखत करवतीने बरोबर निम्मं झालं.

"एवढा चांगला आवाज होता तर इतकी वर्षं मला दुसऱ्यांदा 'काय म्हणालीस' विचारायला का लावलंस?" सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, "बढतीच म्हणायची." साहेबांनीही बढतीच म्हटलं. पुस्तक सहा प्रकरणांचं निघालं.

सोमवारी वहिनी मदतीच्या फोनपुढे बसल्या. समोर कोरे कागद, टोक केलेली पेन्सिल. पहिला फोन डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेतूनच आला. मघाशी वीज गेली होती, एका रुग्णाचं अर्धंच लिहून झालं होतं, आता काय करायचं?

वहिनींनी श्वास घेतला. कपाट नाही, सोफा नाही, बँक तर नाहीच; आपण शुद्ध, नीट, क्रमाने सांगायचं असं त्यांनी ठरवलं. आणि खरोखर त्यांनी सांगितलं. व्यवहार म्हणजे काय, अर्धवट नोंद प्रोग्राम आपणहून कशी पुसतो, रुग्णाचं नाव पुन्हा का घालायचं. वाक्याला वाक्य लागत गेलं. कुठे अडखळल्या नाहीत. पलीकडून एकदाही प्रश्न आला नाही. इतकं सुरेख त्यांनी आयुष्यात समजावलं नव्हतं, आणि शेवटच्या वाक्याला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फोन केव्हाच कटला आहे.

काही क्षणांनी तो पुन्हा वाजला.

"हॅलो मॅडम, मध्येच लाईन गेली. 'व्यवहार म्हणजे' इथपर्यंत ऐकलं."

निम्म्यावर तुटलं की काय करायचं असतं, हे या जगात वहिनींइतकं पक्कं कुणाला माहीत होतं?

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "ते झालंच नाही असं समजा." आणि त्यांनी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.